पहिलं महायुद्ध आणि अमेरिकन समाज : दीड वर्षाच्या लढाईने एवढं काय बदललं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पहिलं महायुद्ध युरोपात पेटलं, अमेरिका त्यात अगदी शेवटी उतरली, जेमतेम दीड वर्ष लढली, आणि तिच्या भूमीवर एकही लढाई झाली नाही. तरी पुस्तकांमध्ये ‘युद्धामुळे अमेरिकन समाज बदलला’ असं वाक्य हमखास सापडतं. पुढे स्त्रियांचा मताधिकार, दारूबंदी, कृष्णवर्णीयांचं स्थलांतर अशी यादी येते. हे सगळं युद्धाने घडवलं, की त्याच सुमारास घडलं एवढंच? आणि शेवटी, यातलं टिकलं काय?

प्रश्न रास्त आहे. मी बरीच वर्षं पदवीच्या वर्गांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवते आणि उत्तरपत्रिकांत ‘युद्धामुळे’ हे कारण फार सैलपणे लिहिलेलं बघते. म्हणून वर्गात एक सवय लावते. कुठल्याही बदलाचं श्रेय युद्धाला देण्याआधी १९१३ साली ती गोष्ट कुठवर आली होती ते तपासायचं. तसं तपासलं की यादीतल्या बऱ्याच गोष्टी युद्धाआधीच निम्म्या वाटेवर आलेल्या दिसतात. आणि ज्या खरोखर युद्धाने आणल्या त्या या यादीत बहुतेक वेळा नसतातच. शिवाय उत्तर कोणाबद्दल विचारताय यावरही अवलंबून आहे. नेब्रास्कातला जर्मन शेतकरी, मिसिसिपीतला कृष्णवर्णीय कूळ आणि न्यूयॉर्कमधली मताधिकारवादी बाई या तिघांच्या वाट्याला तीन वेगळी युद्धं आली.

आधी युद्ध कसं सुरू झालं ते उरकते, कारण तिथेही एक गफलत होते. २८ जून १९१४ ला सारायेव्होत गाव्ह्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते २८ जुलैला. मधल्या महिन्यात काय झालं, ते खरं कारण. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला ‘तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत’ असा शब्द दिला. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता धाडला. सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाने ३० जुलैला सैन्याची सर्वत्र जमवाजमव करण्याचा हुकूम काढला. जर्मनीची लष्करी योजना अशी होती की रशियाला तयारीला वेळ लागतो, तेवढ्यात बेल्जियममधून घुसून फ्रान्सला लोळवायचं. त्यामुळे रशियाची जमवाजमव सुरू झाली की जर्मन सेनापतींना एकेक दिवस जड जाणार होता. १ ऑगस्टला रशियाशी, ३ तारखेला फ्रान्सशी युद्ध, ४ तारखेला बेल्जियमवर चाल, आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिलेली असल्यामुळे त्याच दिवशी ब्रिटन मैदानात. ब्रिटन उतरल्यावर हिंदुस्थानला कोणी विचारलंच नाही. दोष कोणाचा किती, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. परीक्षेत मात्र ‘खून झाला म्हणून युद्ध झालं’ एवढंच लिहू नका. त्या महिन्यातले निर्णय लिहा.

अमेरिका का उतरली हा वेगळा प्रश्न, आणि तो वेगळाच ठेवा. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ऑगस्ट १९१४ मध्ये तटस्थता जाहीर केली आणि लोकांना कृतीत काय, विचारांतही तटस्थ राहायला सांगितलं. ही मागणी त्यांनी कोणत्या देशाकडे केली ते बघा. १९१० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ९ कोटी २० लाख होती. त्यात जवळजवळ १ कोटी ३५ लाख माणसं परदेशात जन्मलेली, आणि त्यांतली सुमारे २५ लाख जर्मनीत. आयरिश लोकांचा ब्रिटनवर राग, रशियातून छळाला कंटाळून आलेल्या ज्यूंना झारचं नाव नको. न्यूयॉर्कच्या एकाच रस्त्यावर दोन्ही बाजूंची लढाई व्हावी अशी परिस्थिती. देश बाहेर राहिला त्यात तत्त्वाइतकाच हा धसकाही होता.

पण व्यापार तटस्थ राहिला नाही. ब्रिटिश आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली होती, त्यामुळे अमेरिकन माल एकाच बाजूला जाऊ लागला. ब्रिटन-फ्रान्सच्या गटाला होणारी निर्यात १९१४ मधल्या सुमारे ८२ कोटी डॉलरवरून १९१६ मध्ये ३२० कोटींच्या आसपास गेली. जे. पी. मॉर्गनची पेढी ब्रिटनची अधिकृत खरेदीदार झाली. एप्रिल १९१७ पर्यंत दोस्तांना दिलेलं कर्ज सुमारे २३० कोटी डॉलर होतं, तर जर्मनीला दिलेलं तीन कोटींच्याही आत. सावकारांनी देशाला युद्धात ढकललं असा निष्कर्ष यावरून काही जण काढतात. मला तो पटत नाही, कारण विल्सन यांच्या निर्णयाची वेळ कर्जाच्या आकड्यांशी जुळत नाही, पाणबुड्यांशी जुळते. कर्जांमुळे एवढं मात्र झालं की जर्मनी जिंकली तर अमेरिकेचं किती जाईल हे आता डॉलरमध्ये सांगता येत होतं.

लुसिटानियाबद्दलही सांभाळून लिहा. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीने हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं. सुमारे १२०० माणसं गेली, त्यांत १२८ अमेरिकन. देश हादरला हे खरं. पण युद्ध पुकारलं गेलं एप्रिल १९१७ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. उलट त्या वेळी विल्सन यांनी जर्मनीला कडक पत्रं लिहिली तेव्हा ‘याने आपण युद्धात ओढले जाऊ’ म्हणून त्यांचे परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबर १९१६ मध्ये ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ याच प्रचारावर विल्सन पुन्हा निवडून आले, तेही काठावर. निर्णायक ठरलेल्या कॅलिफोर्नियात त्यांची आघाडी चार हजार मतांचीसुद्धा नव्हती.

पारडं फिरलं ते १९१७ च्या सुरुवातीला. १ फेब्रुवारीपासून जर्मनीने कुठलंही जहाज इशाऱ्याशिवाय बुडवायला सुरुवात केली. अमेरिका चिडेल हे तिला ठाऊक होतं. अमेरिकेचं सैन्य पोहोचायच्या आत ब्रिटनची उपासमार करू, असा तिचा हिशेब होता. (या पाणबुड्यांचा फटका आपल्याकडेही बसला. कोलंबिया विद्यापीठात शिकून पुढे लंडनला गेलेले डॉ. आंबेडकर शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये मुंबईला परतले. त्यांची पुस्तकं आणि सामान दुसऱ्या जहाजाने येत होतं. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं.) त्यातच जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार ब्रिटिशांच्या हाती लागली. अमेरिकेशी युद्ध झालं तर मेक्सिकोने जर्मनीच्या बाजूने यावं आणि बदल्यात टेक्सस, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवावेत, असा प्रस्ताव. १ मार्चला ती वर्तमानपत्रांत आली. खुद्द झिमरमान यांनी ती खरी असल्याचं कबूल केलं आणि ‘हा ब्रिटिशांचा बनाव’ म्हणणाऱ्यांची बाजूच संपली. २ एप्रिलला विल्सन यांनी युद्धाची मागणी केली, ६ एप्रिलला ती मंजूर झाली. सिनेटमध्ये ६ आणि प्रतिनिधीगृहात ५० मतं विरोधात पडली. त्या पन्नासांत काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आलेली पहिली स्त्री, माँटानाच्या जेनेट रँकिन होत्या. ही छप्पन्न मतं विद्यार्थी वगळतात, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. देशात विरोध होता, तो उघड होता, आणि सरकारला तो दिसत होता.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. माझ्या मते युद्धाने अमेरिकेत सर्वांत खोल बदल केला तो सरकार आणि नागरिक यांच्या नात्यात. १९१७ च्या आधी सामान्य अमेरिकन माणसाचा वॉशिंग्टनशी संबंध पोस्ट ऑफिसापुरता म्हणावा इतका कमी होता. कायम सैन्य सव्वा लाखाच्या आसपास. ५ जून १९१७ ला, एका दिवसात, २१ ते ३० वयाच्या जवळजवळ १ कोटी पुरुषांनी सक्तीच्या सैन्यभरतीसाठी नावं नोंदवली. युद्ध संपेपर्यंत नोंदलेल्यांची संख्या २ कोटी ४० लाखांवर गेली, सुमारे २८ लाखांची प्रत्यक्ष भरती झाली, २० लाख सैनिक फ्रान्सला पोहोचले. कराचंही तेच. प्राप्तिकर १९१३ चा, म्हणजे युद्धाआधीचा, पण सर्वांत वरचा दर तेव्हा ७ टक्के होता आणि १९१८ मध्ये तो ७७ टक्के झाला. १९१६ साली विवरणपत्रं भरणारे साडेचार लाखांच्या आत होते, १९२० साली ७० लाखांच्या वर. डॉ. आंबेडकरांचे कोलंबियातले गुरू एडविन सेलिगमन हे प्राप्तिकराचे त्या काळातले मोठे पुरस्कर्ते. त्यांनी ज्याचं शास्त्र मांडलं तो कर युद्धाने घराघरांत नेला. डिसेंबर १९१७ मध्ये तर रेल्वेही सरकारने चालवायला घेतली.

पण सरकार माणसाच्या मनापर्यंत कसं पोहोचलं ते समजायला आकडे पुरत नाहीत. त्यासाठी मी वर्गात सिनेमागृहाचं उदाहरण देते. तेव्हाचे मूकपट अनेक रिळांचे, आणि बहुतेक थिएटरांत प्रोजेक्टर एकच. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत सुमारे चार मिनिटं पडदा रिकामा. एप्रिल १९१७ मध्ये जॉर्ज क्रील या पत्रकाराच्या हाताखाली सरकारने प्रचार समिती स्थापन केली आणि तिने ही चार मिनिटं पकडली. गावातलाच कोणी वकील, दंतवैद्य, दुकानदार उठून पडद्यापुढे उभा राहायचा आणि चार मिनिटं बोलायचा. युद्धरोखे का घ्यायचे, धान्य का वाचवायचं, अफवा का पसरवायच्या नाहीत. विषय वॉशिंग्टनहून ठरून यायचा, बोलणारा मात्र ओळखीचा. अशा वक्त्यांची संख्या पुढे ७५ हजारांवर गेली. रेडिओ घरात यायच्या आधीची ही गोष्ट आहे. एकाच आठवड्यात देशभर एकच विषय शेजाऱ्याच्या तोंडून ऐकवायचा, ही यंत्रणा अमेरिकेत त्याआधी नव्हती. हर्बर्ट हूव्हर यांच्या अन्न खात्यानेही घरांत सक्तीचं रेशनिंग लादलं नाही. गृहिणींकडून प्रतिज्ञापत्रकं भरून घेतली, खिडकीत लावायला फलक दिले, आणि ‘बिनगव्हाचे’, ‘बिनमांसाचे’ दिवस पाळायला लावले. ज्या खिडकीत फलक नाही ती गल्लीला दिसायची. लिबर्टी बाँड म्हणजे युद्धरोखे यांतून सरकारने २ हजार कोटी डॉलरहून अधिक उभे केले. ते देशप्रेमाने झालं तितकंच शेजाऱ्यांच्या नजरेच्या धाकानेही झालं.

ही नजर कुणावर सर्वांत आधी रोखली गेली हे सांगायला नको. जर्मन अमेरिकन लोकांची शतकभराची वस्ती होती. त्यांच्या शाळा, चर्च, वर्तमानपत्रं, गायनमंडळं होती. वर्ष-दोन वर्षांत यातलं कितीतरी मिटलं. अनेक राज्यांत शाळांतून जर्मन शिकवणं बंद झालं. आयोवाच्या राज्यपालांनी मे १९१८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज कुठलीही भाषा बोलायला मनाई केली. बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदाचे संचालक कार्ल मुक यांना जॉर्जियातल्या छावणीत डांबलं. इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला रॉबर्ट प्रागर नावाचा जर्मन खाणकामगार होता. त्याने नौदलात भरती व्हायचा प्रयत्न केला होता, पण एक डोळा काचेचा म्हणून त्याला घेतलं नव्हतं. एप्रिल १९१८ मध्ये जमावाने त्याला घराबाहेर ओढलं, झेंड्यात गुंडाळून अनवाणी फिरवलं. पोलिसांनी सोडवून कोठडीत ठेवलं तर तिथून पुन्हा बाहेर काढलं. फाशी देण्याआधी त्याला आईवडलांना चार ओळी लिहू दिल्या. आज मला मरावं लागतंय, माझ्यासाठी प्रार्थना करा, असं त्याने जर्मनमध्ये लिहिलं. अकरा जणांवर खटला चालला, सगळे सुटले. हा समाज १९१४ मध्ये इतका द्वेष करत नव्हता. हा बदल मात्र निखळ युद्धाचा, हे निःशंकपणे लिहा.

कायद्यानेही तीच दिशा धरली. जून १९१७ चा एस्पिओनेज ॲक्ट (हेरगिरीविरोधी कायदा) आणि मे १९१८ चा सेडिशन ॲक्ट (राजद्रोहविरोधी कायदा) यांनी भरतीत अडथळा आणणारं, पुढे तर सरकार, झेंडा, गणवेश यांविरुद्धचं बोलणंही गुन्हा ठरवलं. समाजवादी नेते युजीन डेब्ज यांना ओहायोतल्या कँटनच्या एका भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि ९ लाखांहून अधिक मतं मिळवली. कोलंबिया विद्यापीठाने सक्तीच्या भरतीला विरोध करणाऱ्या प्राध्यापकांना काढून टाकलं, तेव्हा इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. ते स्वतः युद्धाच्या बाजूचे होते. शिक्षक म्हणून मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

आता तुमच्या यादीकडे. कृष्णवर्णीयांच्या स्थलांतराला युद्ध खरोखर कारण झालं, पण कसं ते नीट मांडा. दक्षिणेतला छळ, झुंडबळी, कर्जात बुडालेली कूळपद्धती आणि कापसावरची कीड, ही निघून जायची कारणं जुनीच. नव्हतं ते उत्तरेत काम, कारण कारखान्यांना युरोपातून मजूर मिळत होते. १९१४ मध्ये १२ लाखांवर स्थलांतरित अमेरिकेत आले, १९१८ मध्ये जेमतेम १ लाख १० हजार. ऑर्डरी वाढल्या, मजूर आटले, आणि उत्तरेतल्या कारखान्यांचं दार उघडलं. शिकागोतली कृष्णवर्णीय वस्ती १९१० मध्ये ४४ हजार होती, ती १९२० मध्ये १ लाख ९ हजार झाली. डेट्रॉइटमध्ये ५७०० वरून जवळजवळ ४१ हजार. शिकागो डिफेंडर हे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र रेल्वेतले पोर्टर दक्षिणेत पोचवायचे आणि एक अंक अनेक घरांत मोठ्याने वाचला जायचा. मजूर निघून चाललेत म्हटल्यावर जॉर्जियातल्या मेकन शहराने मजूर नेणाऱ्या दलालांना २५ हजार डॉलरचा परवाना लावला. शोषण करणाऱ्यांनाच हे हात किती हवे होते, त्याचा याहून स्वच्छ पुरावा नाही.

पावणेचार लाखांहून अधिक कृष्णवर्णीयांनी सैन्यात नोकरी केली. बहुतेकांना हमाली आणि बांधकामाला जुंपलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या ३६९ व्या पलटणीला अमेरिकन सेनापतींनी फ्रेंचांच्या हवाली केलं, तिथे ती १९१ दिवस आघाडीवर राहिली आणि फ्रान्सने तिला शौर्यपदक दिलं. कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आपल्या लोकांना सांगितलं होतं की सध्या आपल्या तक्रारी बाजूला ठेवून देशाबरोबर उभे राहू. अपेक्षा उघड होती: रक्त दिलं की हक्क मिळतील. १९१९ च्या उन्हाळ्यात उत्तर मिळालं. २७ जुलैला शिकागोच्या तलावकाठी युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा पोहताना गोऱ्यांच्या मानलेल्या हद्दीत वाहत गेला. दगडफेक झाली, तो बुडून मेला, पोलिसाने कुणाला पकडलं नाही. पुढच्या दंगलीत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे मारले गेले. त्या वर्षी कितीतरी शहरांत असंच झालं. फरक एवढा पडला होता की परतलेल्या सैनिकांच्या वस्त्या आता मार खाऊन गप्प बसत नव्हत्या. पुढच्या नागरी हक्कांच्या लढ्याची माणसं या वस्त्यांतून आली, म्हणून हा बदल मी सगळ्यांत वर ठेवते.

स्त्रियांचा मताधिकार मात्र युद्धाने दिला असं लिहिलंत तर मी गुण कापेन. वायोमिंगमध्ये स्त्रियांना १८६९ पासून मताधिकार होता आणि १९१४ पर्यंत पश्चिमेतली बरीच राज्यं त्या वाटेने गेली होती. युद्धाने विल्सन यांना कोंडीत पकडलं. जगात लोकशाही सुरक्षित करायला निघालेल्या माणसाच्या दाराशी मताधिकारवादी नेत्या ॲलिस पॉल आणि त्यांच्या सहकारी फलक घेऊन उभ्या होत्या. त्यांना ‘रहदारीला अडथळा’ म्हणून तुरुंगात टाकलं, उपोषण केलं तर नळीने बळजबरीने अन्न घातलं. दुसरीकडे हजारो स्त्रिया नौदलात कारकुनी, फ्रान्समध्ये टेलिफोन, कारखान्यांत यंत्रं सांभाळत होत्या. ३० सप्टेंबर १९१८ ला विल्सन स्वतः सिनेटमध्ये गेले आणि युद्धात स्त्रियांना भागीदार केलं तर हक्कातही करा असं म्हणाले. तरी दुसऱ्याच दिवशी मताधिकाराच्या घटनादुरुस्तीचा ठराव दोन मतांनी पडला! जून १९१९ मध्ये तो मंजूर झाला आणि १८ ऑगस्ट १९२० ला टेनेसीच्या विधानसभेत, राज्यांकडून लागणाऱ्या मंजुऱ्यांतल्या शेवटच्या मंजुरीची वेळ आली. हॅरी बर्न हा २४ वर्षांचा आमदार विरोधकांचं लाल गुलाब कोटाला लावून बसला होता. खिशात आईचं पत्र होतं, मताधिकाराच्या बाजूने मत दे असं सांगणारं. त्याने ‘हो’ म्हटलं आणि एकोणिसावी घटनादुरुस्ती झाली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत थांबावं लागलं.

दारूबंदीचंही असंच. युद्धात उतरायच्या वेळी निम्म्याच्या वर राज्यांत ती होतीच. धान्य वाचवा ही हाक आणि बिअरचे कारखानदार बहुतेक जर्मन आडनावांचे, यांनी शेवटचा धक्का दिला. १९१८ च्या साथीबद्दल एवढंच सांगते की जिला आपल्याकडे जुनी माणसं मानमोडी म्हणत, तीच ती. अमेरिकेत तिने सुमारे पावणेसात लाख माणसं नेली, म्हणजे युद्धात गेलेल्या १ लाख १६ हजारांच्या कितीतरी पट. फिलाडेल्फियात साथ शिरलेली असताना २८ सप्टेंबरला युद्धरोख्यांसाठी मोठी मिरवणूक काढली गेली, आणि थोड्याच दिवसांत शहरातली रुग्णालयं भरली.

एक भाग आपल्या पुस्तकांत जवळजवळ नसतोच, तो अमेरिकेतल्या हिंदी लोकांचा. ब्रिटिश राज्य उलथायला निघालेल्या परदेशस्थ हिंदी लोकांच्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या गदर पक्षात पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. युद्ध पेटताच पिंगळे उठाव करायला परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फाशी गेले. खानखोजे पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. अमेरिका तटस्थ होती तोवर गदरच्या लोकांना तिथे बऱ्यापैकी मोकळीक होती. ती ब्रिटनची मित्र होताच त्यांच्यावर सॅन फ्रान्सिस्कोत जर्मनांशी संगनमताचा खटला भरला. निकालाच्या वेळी, एप्रिल १९१८ मध्ये, भर न्यायालयात आरोपी रामचंद्र यांना सहआरोपीनेच गोळी घातली. याच सुमारास भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ अमेरिकन सैन्यात भरती झाले. गणवेशातल्या सेवेनंतर त्यांनी नागरिकत्व मागितलं, ते मिळालं, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘हे गोरे नव्हेत’ म्हणून काढून घेतलं. शेवटी माजी सैनिकांसाठीच्या १९३५ च्या कायद्यामुळे ते पुन्हा नागरिक झाले. हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातून येण्यावर बंदी घालणारा कायदा फेब्रुवारी १९१७ चा, म्हणजे युद्धात उतरण्याच्या दोन महिने आधीचा. इथेही युद्धाने सुरुवात केली नाही. पण परक्यांबद्दलचा संशय एवढा पोसला की १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांसाठीही दार जवळजवळ लावून घेतलं.

तुम्ही शेवटी विचारलंय, यातलं टिकलं काय. रेल्वे १ मार्च १९२० ला कंपन्यांना परत गेली. क्रील समिती १९१९ मध्येच गुंडाळली. कराचा वरचा दर १९२५ पर्यंत २५ टक्क्यांवर आला, पण युद्धाआधीच्या ७ टक्क्यांवर पुन्हा कधीच गेला नाही. सेडिशन ॲक्ट डिसेंबर १९२० मध्ये रद्द झाला, आणि डेब्ज यांची शिक्षा वर्षभराने राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी माफ केली. १९१७ चा एस्पिओनेज ॲक्ट मात्र दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं फोडणारे डॅनियल एल्सबर्ग यांच्यावर १९७१ मध्ये आणि सरकारची गुप्त पाळत उघड करणारे एडवर्ड स्नोडेन यांच्यावर २०१३ मध्ये आरोप ठेवले गेले ते याच कायद्याखाली.